शेठ प्रेमचंद रायचंद : एका पेढीचा उदय आणि अस्त

एखादे दुकान बंद पडले किंवा एखाद्या पेढीचे दिवाळे निघाले, की लोक धन्याच्या नशिबाला बोल लावून मोकळे होतात. परंतु धंदा सहसा एका दिवसात बुडत नाही. बुडण्याची कारणे भरभराटीच्या दिवसांतच पेरली गेलेली असतात. हे सत्य ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसून येते, असे एक विख्यात व्यापारी एकोणिसाव्या शतकात मुंबईस होऊन गेले. त्यांचे नाव शेठ प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंदांचा जन्म सुरत येथे इ. स. १८३१ मध्ये एका जैन कुटुंबात झाला. बालपणीच ते मुंबईस आले. तेथे त्यांनी इंग्रजी शिक्षण घेतले आणि ऐन तारुण्यात दलालीच्या धंद्यात प्रवेश केला. त्या काळी देशी दलालांत इंग्रजी लिहिता-बोलता येणारा मनुष्य विरळाच होता. तीक्ष्ण बुद्धी, नम्र वाणी आणि दांडगी स्मरणशक्ती यांच्या बळावर कापूस, रोखे व हुंड्या यांच्या बाजारात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला.

इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. साहजिकच इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव भराभर चढले आणि चार वर्षांत मुंबईत सोन्याचांदीचा पूर लोटला.

हे द्रव्य कोठे गुंतवावे, हा प्रश्न उभा राहिला व त्यातूनच संकटाचा जन्म झाला. जानेवारी १८६५ च्या सुमारास मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. यांपैकी कित्येकींना नावापलीकडे काही उद्योग नव्हता. सर्वांत गाजली ती बॅकबेची भरणी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढावयाची, हा तिचा संकल्प. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या एका भागासाठी लोक पन्नास हजारांच्या आसपास रक्कम मोजू लागले. आणि जमीन तर अद्याप पाण्याखालीच होती!

या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. नव्या कंपनीचे भाग कोणास द्यावयाचे, हे त्यांच्या मर्जीवर ठरे. त्यांच्या दारी युरोपियन अंमलदारांपासून लहान दुकानदारांपर्यंत सर्वांची रीघ लागे. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचे भाग असलेली जुनी व प्रतिष्ठित पेढी. १८६३ च्या कायद्याने तिला कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. मग प्रेमचंदांचा नुसता शब्दही तारणासारखा चालू लागला.

येथे या व्यवहाराचे मर्म नीट ध्यानात घ्यावे. एक मनुष्य भाग विकत घेई, ते बँकेत गहाण टाकून कर्ज काढी आणि त्या कर्जातून आणखी भाग घेई. भाव चढत होता तोवर सारेच श्रीमंत दिसत होते. परंतु ऋणको कर्ज फेडणार भाग विकून, आणि भागांची किंमत टिकणार नवे कर्ज मिळत राहिले तरच. याखेरीज पुढील तारखेस ठरलेल्या भावाने भाग घेण्याचे वायदेही असंख्य झाले होते. पदरी पैसा नसताना केवळ भाव चढेल या आशेवर माणसे स्वतःला बांधून घेत होती.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला व युद्ध संपुष्टात आले. जगाने सुस्कारा सोडला, परंतु ती वार्ता येताच मुंबईचा बाजार हादरला. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली, तेव्हा पैसे देणारा कोणीच उरला नाही. जो धनको तोच दुसऱ्याचा ऋणको. म्हणून एक पेढी पडली की तिच्यामागे चार पडत. पुढील वर्षी लंडनची ओव्हरेंड गर्नी ही नामांकित पेढी बुडाली, तेव्हा उरलासुरला धीरही खचला. त्याच १८६६ साली प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे बंद करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी मंडळाने बँकेच्या चालकांच्या ढिलाईप्रमाणेच प्रेमचंदांच्या घातक वजनावरही ठपका ठेवला. त्यांच्या नावावर विसंबून कित्येक कुटुंबे धुळीस मिळाली होती, हे विसरता येत नाही.

तथापि पेढी बुडाली म्हणून मनुष्य बुडालाच पाहिजे, असे नाही. प्रेमचंद पुन्हा दलालीस लागले. १८७५ मध्ये मुंबईच्या रोखे दलालांनी जी संस्था स्थापन केली, तिच्या संस्थापकांत ते होते. वैभवकाळात, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष व घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले होते. तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला व मातोश्रींच्या स्मरणार्थ त्यास राजाबाई हे नाव मिळाले. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी दिलेल्या देणगीतून विद्वानांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. कागदावरचे कोट्यवधी रुपये विरून गेले. विद्येसाठी दिलेले मात्र टिकले. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

त्याच लाटेचा तडाखा तरुण जमशेटजी टाटांच्या घराण्यासही बसला होता. त्यांनी पुढे १८७७ मध्ये नागपुरास एम्प्रेस गिरणी काढली, ती कापसाच्या शेताजवळ व बाजाराजवळ जागा पाहून. कागदाच्या भावावर नव्हे, तर प्रत्यक्ष मालावर उभा राहिलेला तो धंदा शंभरांहून अधिक वर्षे चालला.

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट केवळ मुंबईच्या शेठजींची नाही. एकोडीसारख्या गावातील एखादा दुकानदार एका वर्षी धानाला चढा भाव मिळाला म्हणून कर्ज काढून माल भरतो, ओळखीवर उधारी देतो, आणि तोच भाव पुढेही राहील असे धरून चालतो. मग एक मंदीचे वर्ष येते व दुकानास कुलूप लागते. लोक म्हणतात, मंदीने मारले. खरे पाहता मंदीने केवळ हिशेब मागितलेला असतो. तेजीच्या दिवसांत वही नीट लिहिणारा, कर्जाची मर्यादा ओळखणारा आणि मोठ्या नावापेक्षा खऱ्या तारणाकडे पाहणारा मनुष्य तो हिशेब देऊ शकतो. पालकांनीही या दृष्टीने आपापली वही एकदा उघडून पाहावी.