कृषिगुरू कार्व्हर

अमेरिकेत गुलामगिरीची अमानुष चाल अजून नष्ट झाली नव्हती, त्या काळातील ही गोष्ट आहे. मिसुरी राज्यातील डायमंड या गावाजवळ मोझेस कार्व्हर नावाचा एक शेतकरी राहत असे. त्याच्याकडील मेरी या गुलाम स्त्रीच्या पोटी इ. स. १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. तो तान्हा असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेले. पुढे बालक परत मिळाले. माता मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. इ. स. १८६५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली, तेव्हा कार्व्हर दांपत्यानेच या पोरक्या मुलाचा सांभाळ केला.

जॉर्ज प्रकृतीने नाजूक होता. त्यामुळे त्याला कष्टाची कामे कमी असत. तो रानात हिंडे, रोपटी आणून लावी आणि कोमेजलेल्या झाडांची शुश्रूषा करी. जवळच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून तो घर सोडून निओशो या गावी गेला. लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून त्याने शिक्षण चालू ठेवले. एका महाविद्यालयाने त्याला पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष भेटीत त्याच्या वर्णामुळे तो नाकारला. तरीही तो खचला नाही. इ. स. १८९१ मध्ये तो आयोवा राज्यातील एम्स येथील कृषिमहाविद्यालयात दाखल झाला. इ. स. १८९४ मध्ये पदवी संपादन करून तो त्याच संस्थेत अध्यापनही करू लागला आणि १८९६ मध्ये त्याने उच्च पदवी मिळविली.

याच वेळी दक्षिणेकडून एक निमंत्रण आले. बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलामगिरीत जन्मलेले थोर शिक्षक होते. इ. स. १८८१ पासून ते अलाबामा राज्यात टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी विद्यालय चालवीत होते. तेथील शेतकी विभाग उभारण्यासाठी त्यांना योग्य माणूस हवा होता. एम्स येथे कार्व्हर यांना उत्तम प्रयोगशाळा आणि प्रेमळ गुरुजन लाभले होते. ते सारे सोडून इ. स. १८९६ मध्ये ते टस्कीगीला गेले.

तेथे साधनांचा दुष्काळ होता. कार्व्हर विद्यार्थ्यांना घेऊन उकिरडे धुंडाळू लागले. टाकून दिलेल्या बाटल्या, बरण्या आणि भांडी गोळा करून त्यांनी प्रयोगाची उपकरणे तयार केली. जमिनीची स्थिती तर याहून बिकट होती. वर्षानुवर्षे एकट्या कपाशीचे पीक घेतल्याने माती निःसत्त्व झाली होती आणि पावसाने जागोजागी घळी पडल्या होत्या.

अशा ठिकाणी कोणते विषय शिकवावेत? कार्व्हर यांनी पायांखालच्या मातीपासूनच प्रारंभ केला. वनस्पतिशास्त्र, रसायन, पशुपालन हे विषय त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत. चवळीचे एक रोप उपटले, तरी त्यातून कितीतरी पाठ निघत. तिच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जंतू असतात आणि ते हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. म्हणून चवळी किंवा भुईमूग पेरला, की दुबळी जमीन सुधारते. शिवाय दाणा माणसाला आणि पाला गुरांना मिळतो. विकतचे खत गरिबाला परवडत नसे. तेव्हा कुजलेला पालापाचोळा आणि दलदलीतील काळा गाळ शेतात घालण्याची रीत त्यांनी प्रयोगक्षेत्रावर दाखवून दिली.

परंतु विद्यालयात येणारे थोडे आणि शेतात राबणारे असंख्य होते. त्यांतील बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कपाशी पिकवीत आणि कर्जात बुडालेले असत. त्यांच्यासाठी कार्व्हर सभा भरवीत आणि सोप्या भाषेत पत्रिका लिहीत. इ. स. १९१६ च्या एका पत्रिकेत भुईमुगाच्या लागवडीबरोबरच त्याचे १०५ खाद्यप्रकार दिले होते. तथापि ज्यांना वाचता येत नाही, त्यांचे काय? इ. स. १९०६ मध्ये यावर उपाय निघाला. मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या दानशूर गृहस्थांच्या साहाय्याने एक गाडी सिद्ध झाली. नांगर, बियाणे, दुधाची उपकरणे आणि तक्ते घेऊन ही फिरती शाळा खेडोपाडी जाऊ लागली. विद्यालयच शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

कार्व्हर यांच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. हिशेब, अहवाल आणि देखरेख ही कामे त्यांना जमत नसत. त्यावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे अनेकदा खटके उडत. अखेर इ. स. १९१० मध्ये विभागाचा कारभार दुसऱ्याकडे सोपविण्यात आला आणि कार्व्हर यांच्याकडे संशोधन व प्रयोगक्षेत्र राहिले. हा बदल त्यांच्या मनाला लागला. पण त्यांनी टस्कीगी सोडले नाही.

त्याच सुमारास बोंडे पोखरणारा सोंडकिडा अलाबामात शिरला आणि कपाशीची धूळधाण झाली. शेतकरी भुईमुगाकडे वळले. त्या पिकाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून कार्व्हर यांनी भुईमुगाचे सुमारे ३०० उपयोग मांडले. त्यांतील फार थोडे बाजारात टिकले, तरी लोकांचे लक्ष या पिकाकडे वेधले गेले. इ. स. १९२१ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांना थोडा वेळ बोलण्याची अनुज्ञा मिळाली. परंतु सभासद ऐकण्यात इतके रमले, की त्यांनी आपण होऊन ती वेळ वाढविली.

कार्व्हर यांनी विवाह केला नाही. साधेपणाने राहून साठविलेले धन त्यांनी इ. स. १९४० मध्ये टस्कीगी येथे संशोधनसंस्था स्थापण्यासाठी दिले. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. ज्या विद्येचे दार त्यांच्या तोंडावर लावले गेले होते, तीच विद्या त्यांनी गाडीत घालून गोरगरिबांच्या दारी पोहोचविली, हेच त्यांच्या जीवनाचे थोर कार्य होय.