संत ऑगस्टीन : नव्या मतांकडून सखोल श्रद्धेकडे
(सण : २८ ऑगस्ट)

संत ऑगस्टीन ह्यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे झाला. आज हे गाव अल्जीरिया देशात आहे. वडील पात्रिसियुस त्या वेळी ख्रिस्ती नव्हते. आई संत मोनिका ह्यांनी मात्र बाळपणीच प्रभू येशूचे नाव मुलाच्या मनात रुजविले. तत्कालीन प्रथेनुसार त्यांचा स्नानसंस्कार पुढे ढकलण्यात आला.

ऑगस्टीन अत्यंत बुद्धिमान होते. कार्थेज नगरीत वक्तृत्वशास्त्र शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्यांना सत्याची ओढ लागली. त्यांनी बायबल उघडले. परंतु सिसेरोच्या डौलदार भाषेपुढे त्यातील साधी भाषा त्यांना फिकी वाटली आणि त्यांनी ते बाजूला ठेवले.

त्याच सुमारास ते मानी पंथाकडे आकर्षित झाले. विश्वास ठेवण्यास न सांगता सर्व काही बुद्धीला पटवून देऊ, असा ह्या पंथाचा दावा होता. ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षे त्या पंथात राहिले. विवाहाविना एका स्त्रीबरोबर राहत असताना त्यांना अदिओदातुस हा पुत्र झाला होता. मोनिका मुलासाठी अश्रू ढाळीत प्रार्थना करीत राहिल्या.

पुढे ग्रहताऱ्यांविषयीची मानी पंथाची मते खगोलशास्त्रज्ञांच्या गणिताशी जुळेनात. फाउस्तुस हे पंथाचे नामवंत आचार्य शंकानिरसन करतील, ह्या आशेवर ऑगस्टीन थांबले. प्रत्यक्ष भेटीत फाउस्तुस गोडभाषी, पण अल्पज्ञानी निघाले. निराश झालेले ऑगस्टीन आईला चकवून रोमला गेले. तेथे निश्चित सत्य माणसाला कळूच शकत नाही, ह्या संशयवादाकडे त्यांचे मन झुकले.

३८४ साली मिलान येथे ते वक्तृत्वाचे प्राध्यापक झाले. तेथील महागुरुस्वामी संत अँब्रोज ह्यांची भाषाशैली ऐकण्यासाठी ते चर्चमध्ये जाऊ लागले आणि हळूहळू प्रवचनाचा आशयही मनात उतरू लागला. प्लेटोच्या अनुयायांच्या ग्रंथांतून देव हा आत्मस्वरूप आहे, हे त्यांना उमगले. पण देव नम्र होऊन मनुष्य झाला, हे त्या ग्रंथांत नव्हते. ते आईने लहानपणी शिकविलेल्या श्रद्धेत होते.

बुद्धीला पटले तरी जुने जीवन सुटेना. ३८६ साली मिलानमधील एका बागेत ते ह्याच संघर्षात रडत असताना, पुस्तक घेऊन वाचण्यास सांगणारा एका बालकाचा आवाज त्यांच्या कानी आला. त्यांनी संत पौलाचे रोमकरांस पत्र उघडले. समोर आलेल्या ओळींनी त्यांच्या मनातील संशय मिटला. ३८७ च्या पास्काच्या रात्री संत अँब्रोज ह्यांच्या हस्ते पुत्रासह त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्याच वर्षी ओस्तिया येथे मोनिका समाधानाने निवर्तल्या.

पुढे आफ्रिकेत परतल्यावर ३९१ साली हिप्पो ह्या बंदराच्या नगरात ते धर्मगुरू झाले व काही वर्षांतच महागुरुस्वामी झाले. तारुण्यात मिटून ठेवलेले बायबल त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे सामान्य भाविकांना उलगडून सांगितले. पवित्र त्रैक्यावरील ग्रंथासाठी ते सुमारे वीस वर्षे झटले. प्रश्न विचारणे त्यांनी कधीच सोडले नाही. मात्र आता ते प्रश्न घेऊन नव्या पंथाच्या दारी न जाता प्रार्थनेत बसत. व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असताना, भिंतीवर लावलेली पश्चात्तापाची स्तोत्रे वाचीत, २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांनी देह ठेवला.

आजही नवनवे उपदेशक व नवनवी मते आपल्याला खुणावतात. मनात शंका येणे हे पाप नव्हे. परंतु दुसरीकडे धाव घेण्यापूर्वी आपल्या घरातील बायबल आपण किती वाचले आहे, आपली श्रद्धा किती समजून घेतली आहे, ह्याचा विचार ह्या सणानिमित्त आपण प्रत्येकाने करावा.