कोंढव्यातून मांडव्यापर्यंत: डॉ. नोशीर अँटिया

खालापूर तालुक्यातल्या कारखान्यात कामगाराचा हात यंत्रात सापडतो, कर्जतच्या एखाद्या वाडीवर चुलीपाशी बाईचा पदर पेट घेतो. जीव वाचतो, जखमही भरते, पण त्यानंतर कातडी आखडू लागते. बोटे वाकतात, मान वळत नाही, कामावर जाणे बंद होते. अशा माणसाला पुन्हा उभे करणारी शस्त्रक्रिया म्हणजे प्लास्टिक सर्जरी. नाव ऐकताच आपल्याला नट-नट्यांची नाके आठवतात. भारतात या शाखेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉ. नोशीर अँटिया यांना मात्र सुरुवातीच्या काळात भेटलेले रुग्ण होते कुष्ठरोगाने चेहरा गमावलेली माणसे. पुढे याच रायगड जिल्ह्यात त्यांनी आपल्या आयुष्यातला सर्वांत धाडसी प्रयोग केला.

अँटियांचा जन्म 1922 साली हुबळीत, पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तेथे त्यांना गुरू मिळाले ते सर हॅरॉल्ड गिलीज. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करताना गिलीज यांनी आधुनिक प्लास्टिक सर्जरी घडवली होती. प्रत्येक रुग्णाचा चेहरा आधी नीट पाहायचा, चित्र काढायचे, छायाचित्रे ठेवायची, फसलेल्या शस्त्रक्रियेचीही नोंद करायची, ही त्यांची शिस्त होती. त्या नोंदींमधूनच 1920 साली त्यांचा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ तयार झाला.

अँटिया मायदेशी परतले आणि पुण्यात काम करू लागले. पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरुग्णालय होते. डॅप्सोन या औषधामुळे तेव्हा कुष्ठरोग आटोक्यात येऊ लागला होता. पण जंतू मेले तरी चेहऱ्यावरच्या खुणा तशाच राहत. बसलेले नाक, गळलेल्या भुवया आणि मिटत नसलेले डोळे पाहून गाव त्या माणसाला परत घेत नसे. औषधाच्या दृष्टीने बरा झालेला माणूस समाजाच्या दृष्टीने रोगीच राही. विलायतेत शिकून आलेल्या तरुण सर्जनने आपली उमेदीची वर्षे या माणसांसाठी द्यावीत, हे तेव्हा अनेकांना न उमगणारे होते.

गिलीज यांची शिस्त इथे कामी आली. कुष्ठरोगात नाक का बसते? वरची कातडी बहुधा शाबूत असते. आतले अस्तर नष्ट होऊन आखडते आणि नाकाला आत ओढून घेते. म्हणजे बाहेरून नवे नाक लावण्याची गरज नाही, आतून नवे अस्तर द्यायला हवे. वरच्या ओठाच्या आतून वाट काढून साच्यावर गुंडाळलेली पातळ कातडी आत बसवण्याची पद्धत गिलीज यांनी पूर्वीच शोधली होती. अँटियांनी ती कुष्ठरुग्णांसाठी वापरली. मिटत नसलेल्या पापणीसाठी कानशिलाजवळच्या, चावण्याच्या स्नायूची पट्टी फिरवून आणली जाई. रुग्णाने दात आवळले की डोळा मिटे. डोळा मिटला की बुबुळ सुकत नाही आणि अंधत्व टळते. भुवयांसाठी डोक्यावरची केसाळ कातडी कामी येई.

या कामाच्या नोंदींतून शोधनिबंध जन्मले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने अँटियांना मानाच्या हंटेरियन व्याख्यानाची संधी दिली. कुष्ठरोगातील चेहऱ्याच्या पुनर्रचनेवरचा त्यांचा निबंध 1963 साली त्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांना इतरांबरोबर सर्वसाधारण वॉर्डात जागा मिळावी म्हणून आग्रह धरला. कानाच्या कडेचा तुकडा गेला असता उरलेला कानच सरकवून ती कड पुन्हा जोडण्याची पद्धत त्यांनी डॉ. बुच यांच्यासह 1967 साली मांडली. अँटिया-बुच या नावाने ती आजही जगभर शिकवली जाते. कुष्ठरोगात हातांच्या मज्जातंतूंचे काय होते, यावरही त्यांनी सहकाऱ्यांसोबत काम केले.

आज प्लास्टिक सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरला जागा, नोकरी, बढती अशा प्रत्येक पायरीवर किती निबंध छापले हे विचारले जाते. त्यामुळे लवकर संपणारा, सहज छापला जाणारा विषय निवडण्याचा मोह होतो. अँटियांच्या निबंधांची संख्याही मोठी होती. पण त्यांचा विषय समोरच्या रुग्णाने ठरवला होता, आणि त्या रुग्णाकडे इतर फारसे कोणी पाहत नव्हते. नोंदी नेटाने ठेवल्यावर निबंध आपोआप तयार होत गेले.

हीच सवय त्यांना रुग्णालयाबाहेर घेऊन गेली. जे. जे.त येणारी अनेक व्यंगे वेळीच उपचार मिळाले असते तर टळली असती. मग 1970च्या दशकात त्यांनी मुंबई बंदरापलीकडच्या मांडवा परिसरातील गावांत, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात, प्रयोग सुरू केला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण द्यायचे आणि काम त्यांच्यावर सोपवायचे. क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे, लसीकरण, बाळंतिणीची काळजी ही कामे या बायका उत्तम करू शकतात, हे दिसून आले. 1975 साली त्यांनी सामाजिक आरोग्याच्या आणि वैद्यकीय संशोधनाच्या अशा दोन संस्था स्थापन केल्या.

मांडव्याचा प्रयोग सुमारे दशकभर चालला आणि स्थानिक सत्ताकारणाच्या विरोधाने बंद पडला. अँटियांनी तो झाकून ठेवला नाही. काय साधले, काय फसले आणि का, हे त्यांनी 1986 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व नंतर इतरत्रही लिहिले. फसलेल्या शस्त्रक्रियेची नोंद ठेवायची, हा गुरूचा नियम त्यांनी फसलेल्या प्रकल्पालाही लावला.

1990 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2005 साली देशात ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली. गावातल्याच बाईकडे गावाचे आरोग्य सोपवण्याचा विचार त्याआधी ज्यांनी करून पाहिला, त्यांत अँटिया होते. 2007 साली त्यांचे निधन झाले. कर्जतच्या ठाकूरवाडीत किंवा कातकरी पाड्यावर आज आशाताई अंगावरचा बधीर चट्टा पाहून रुग्णाला वेळेत दवाखान्यात पाठवते, तेव्हा त्याचे नाक, डोळे, बोटे शाबूत राहतात. कोंढव्याला जी शस्त्रक्रिया करावी लागली, तिची गरजच मग उरत नाही.