गोखल्यांची भाषणे

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अध्यापक झाले.

१९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर प्रथमच बोलावयास उभे राहिले. देशात नुकताच भीषण दुष्काळ पडून गेला होता. सरकारी खजिन्यात मात्र मोठी शिल्लक दाखविली होती. गोखल्यांनी आधी सरकारी अहवाल अभ्यासून आकडे जमविले. गणेश व्यंकटेश जोशी या अर्थशास्त्राच्या जाणकार शिक्षकांचे साहाय्य घेतले. मग त्यांनी मुद्द्यांची संगती लावली : शिल्लक कशामुळे उरली, करांचा भार कोणावर पडतो आणि तो हलका कसा करावा. बोलताना त्यांनी संयम सोडला नाही. गरिबाच्या मिठावरील कर कमी करावा, असा त्यांचा आग्रह होता. १९०३ साली तो कर कमी झाला.

१९१५ साली गोखले निवर्तले. वर्गात चार शब्द बोलावयाचे असले तरी विद्यार्थ्याने त्यांचाच क्रम धरावा. आधी माहिती मिळवावी, मुद्दे टिपून ओळीने मांडावेत आणि मगच बोलावयास उभे राहावे.