देहाच्या वेशीवरचा संशोधक

बागलाणातील शेतकऱ्याला फळाच्या सालीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सटाणा परिसरातील डाळिंबाच्या बागेत साल अखंड असेपर्यंत आतले दाणे सुरक्षित असतात. सालीला इजा होऊन तेल्याच्या जिवाणूंना वा बुरशीला वाट मिळाली, की हाताशी आलेला बहर जातो. माणसाच्या देहाचेही काहीसे असेच आहे. बाहेरून त्वचा आणि आतून तोंड, घसा, श्वासनलिका व आतडी यांचे पातळ अस्तर ही देहाची वेस होय. शास्त्रीय परिभाषेत तिला अभिस्तर ऊती म्हणतात. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात, झिजलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात आणि बाहेरचे विष व जंतू बाहेरच राहतात. ही वेस कोठे आणि कशामुळे ढासळते, याचा शोध घेण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे स्मरण म्हणूनच आजही अगत्याचे ठरते.

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. विलायतेत स्थिरावण्याऐवजी ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. विकृतिशास्त्र म्हणजे शवविच्छेदनापुरता विषय, अशी समजूत असण्याच्या त्या काळात रोग्याची सवय, पेहराव, अन्न आणि व्यवसाय यांचा ऊतींवर उमटणारा ठसा वाचण्याची दृष्टी त्यांनी विद्यार्थ्यांना दिली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो, तो यामुळेच.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. कर्करोग हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे तो विरळाच, असा समज त्या वेळी रूढ होता. रुग्णालयात येणारे रोगी मात्र वेगळेच सांगत होते. विशेष म्हणजे, येथील कर्करोग शरीराच्या ज्या जागी दिसत, त्या जागा पाश्चात्त्य देशांपेक्षा निराळ्या होत्या. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या शेकाने होणारा त्वचेचा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. खानोलकरांनी हाच धागा पुढे नेला. सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे नवे प्रकार मांडले. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी घासली जाते. त्यातून तेथील कातडीचा रंग जातो, ती जाड होते, पुढे चिघळते आणि क्वचित तेथेच कर्करोग उद्भवतो, हे त्यांनी दाखवून दिले. वैद्यकाच्या ग्रंथांत तो ‘धोती कॅन्सर’ म्हणून नोंदला गेला.

याहून मोठा प्रश्न तोंडाचा होता. तोंडातील श्लेष्मल त्वचा अंगावरील कातडीपेक्षा नाजूक असते. तंबाखू आणि चुन्याची चिमूट रोज त्याच गालफडात तासन्‌तास दाबून धरली, की चुन्याचा दाह आणि तंबाखूतील विषारी द्रव्ये त्या अस्तरावर सतत मारा करतात. प्रथम पांढरा चट्टा दिसतो, तो दुखत नाही. म्हणून त्याकडे काणाडोळा होतो. पेशींची रचना बिघडत जाते आणि अखेर त्या अस्तराखालचे आधारपटल भेदून आत शिरतात. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, ती हीच सीमारेषा. ती ओलांडली गेली, की चट्ट्याचा कर्करोग झालेला असतो.

डॉ. एल. डी. संघवी आणि राव यांच्यासमवेत खानोलकरांनी केलेला अभ्यास १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंड आणि घशाच्या वेगवेगळ्या भागांतील कर्करोगांशी असलेला संबंध त्यात रुग्णांच्या नोंदींवरून मांडला होता. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांवर इंग्लंड-अमेरिकेत चर्चा रंगली होती, त्याच सुमारास मुंबईतून हा इशारा दिला गेला.

परळमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडल्या. कुष्ठरोग हा खानोलकरांच्या अभ्यासाचा दुसरा विषय. त्वचेवर नुकत्याच उमटलेल्या चट्ट्यांचे छेद तपासून त्यांनी जंतूंचे बारीक मज्जातंतूंशी असलेले नाते उलगडले. या जंतूंची शरीरात शिरण्याची मुख्य वाट नाकाचे अस्तर असावी, असे आज मानले जाते. मात्र चेता आणि त्वचा यांचा एकत्र विचार करण्याची त्यांची दिशा टिकून राहिली. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय संशोधक प्राध्यापकपद आणि पद्मभूषण हे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा इशारा मात्र समाजाने फार सावकाश ऐकला. महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये ती नव्या कायद्याच्या आधारे पुन्हा लागू झाली. तरीही भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग आजही अग्रक्रमावर आहे. बाजाराच्या दिवशी तळहातावर तंबाखू मळणारे हात सटाण्यात दिसतात, तसेच मुंबईतही. आणि दातांना मशेरी लावणाऱ्या आयाबाया खेड्यांत आणि शहरी वस्त्यांतही आढळतात. खानोलकरांनी दाखविलेला कर्करोग दैवाने येणारा नव्हता, सवयीने येणारा होता. म्हणूनच तो टाळता येण्याजोगाही आहे. गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेनासे झाले किंवा दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर ती न दुखली तरी डॉक्टरांना दाखवावी. सालीवर पहिला डाग दिसताच बागाईतदार सावध होतो. तेवढी सावधगिरी आपल्या तोंडाच्या बाबतीतही बाळगायला हवी.