एका डोळ्याचा सेनापती आणि पॉइंट टू टू

फ्रेडरिक स्ले रॉबर्ट्सचा जन्म ३० सप्टेंबर १८३२ रोजी कानपूरला झाला. वडील अब्राहम रॉबर्ट्स कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. तान्हेपणीच्या मेंदूज्वराने मुलाचा उजवा डोळा गेला तो कायमचा. अंगकाठी किरकोळ, उंची जेमतेम सव्वापाच फूट. पुढे व्हिक्टोरिया क्रॉस, फील्ड मार्शलपद आणि अर्ल हा किताब मिळवणाऱ्या या माणसाने उत्तरायुष्याचा मोठा भाग इतरांना नेम धरायला शिकवण्यात घालवला. उजव्या खांद्याला बंदूक लावणारा बहुतेक प्रत्येक जण उजव्याच डोळ्याने नेम धरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या ध्यासातील हट्ट कळतो.

इटन, सँडहर्स्ट आणि ॲडिस्कोंब अशा शिक्षणानंतर १८५१ च्या अखेरीस तो बंगाल तोफखान्यात दाखल झाला. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात जखमी झाला आणि २ जानेवारी १८५८ रोजी खुदागंजच्या चकमकीतील कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ॲबिसिनिया आणि लुशाई टेकड्यांतील मोहिमांत त्याने रसदीची बाजू सांभाळली. पण इंग्लंडच्या घराघरांत त्याचे नाव पोचवले ते दुसऱ्या अफगाण युद्धाने. काबूलमध्ये त्याने केलेल्या फाशांवर मायदेशातच टीका झाली. ती टीका ऑगस्ट १८८० च्या काबूल ते कंदहार या कूचीने झाकून टाकली. सुमारे १०,००० सैनिक, तीनशे मैलांवर वाट आणि तीन आठवडे. १ सप्टेंबरला लढाई जिंकली आणि ‘बॉब्ज’ हे लाडाचे नाव रूढ झाले. या कूचीत त्याच्या मांडीखाली होता तो व्होनोलेल नावाचा करडा अरबी घोडा मुंबईच्या बाजारातला. घोड्याचे नाव मात्र लुशाई सरदाराचे.

१८८१ मध्ये रॉबर्ट्स मद्रास फौजेचा सरसेनापती झाला आणि १८८५ ते १८९३ या काळात साऱ्या हिंदुस्थानी फौजेचा. नेमबाजीचे वेड इथे धोरणात उतरले. तोवरच्या कवायतीत एका सुरात, हुकमासरशी होणाऱ्या बारांना महत्त्व होते. गोळी नेमकी कुठे गेली याची फिकीर कमी. रॉबर्ट्सने चांदमारीचे महत्त्व वाढवले, पलटणींमध्ये स्पर्धा लावल्या, स्वतः रायफल हाती घेतली आणि आपल्या अधिकाऱ्यांचा संघ करून स्पर्धांत उतरला. इयन हॅमिल्टन हा त्याचा विश्वासू अधिकारी या सुधारणांचा मुख्य कारभारी होता. नेमबाजी ही उपजत देणगी नसून सरावाचे फळ आहे, ही या सगळ्यामागची धारणा होती.

याच सेनापतीने याच वर्षांत दुसरीही एक धारणा फौजेच्या भरतीत रुजवली आणि ती पहिलीच्या अगदी उलट होती. काही जाती-जमाती जन्माने लढवय्या आणि बाकीच्या नव्हेत, असा तो सिद्धांत. रॉबर्ट्सच्या लेखी शीख, गुरखा, पठाण, डोगरा हे पहिल्या वर्गात. मद्रासी शिपाई दुसऱ्या वर्गात. आणि मुंबई फौजेतला मराठाही दुसऱ्याच वर्गात. दीर्घ शांततेने त्याच्यातील जुने क्षात्रतेज विझले आहे, असा निवाडा त्याने १८९७ च्या ‘फॉर्टी-वन इयर्स इन इंडिया’ या आत्मचरित्रात नोंदवून ठेवला. ज्या फौजेशी कंपनीला तीन युद्धे करावी लागली, तिच्या वंशजांविषयीचा हा निवाडा. सरावाने नेम सुधारतो असे मानणाऱ्याने या शिपायांच्या बाबतीत सरावाला वावच ठेवला नाही.

परिणाम कागदावर राहिले नाहीत. मद्रासच्या पलटणी घटत गेल्या. मुंबई फौजेत १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली गेली, त्यांच्या नातवंडांना पलटणीचा दरवाजा बंद झाला. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी याविरुद्ध अर्ज लिहिले. इंदूरजवळच्या महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते, तेही याच दशकात निवृत्त झाले. लष्कराची नोकरी म्हणजे त्या कुटुंबांसाठी शिक्षण, निवृत्तिवेतन आणि गावगाड्याबाहेरची एक वाट होती. ती वाट बुजवणाऱ्यांत रॉबर्ट्स एकटा नव्हता. पण त्या विचाराला सर्वांत मोठे वजन दिले ते त्यानेच.

डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी एका आठवड्यात ब्रिटिशांचा तीनदा पराभव केला. कोलेन्सोच्या तिसऱ्या लढाईत रॉबर्ट्सचा एकुलता मुलगा फ्रेडी तोफा वाचवताना प्राणघातक जखमी झाला आणि दोन दिवसांनी गेला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बातमी आली त्याच सुमारास सदुसष्ट वर्षांच्या बापाची त्या आघाडीवर सरसेनापती म्हणून नेमणूक झाली. ५ जून १९०० रोजी तो प्रिटोरियात शिरला. शेतघरे जाळण्याचे सत्र त्याच्याच आमदानीत सुरू झाले. किचनेरच्या काळात त्यातून छळछावण्या फोफावल्या आणि तिथे हजारो बायका-मुले मेली. त्याच्या नावावरचा हा डाग इंग्रजी चरित्रांत पुष्कळदा दोन ओळींत उरकला जातो.

मात्र नेमबाज रॉबर्ट्सला बोअर युद्धाने जो धडा दिला तो वेगळा होता. समोरचा शत्रू कवायती सैनिक नव्हता. तो खेडूत होता, पण हातातल्या बोल्टच्या माउझर रायफलीने दगडाआडून दूरवरचा माणूस टिपत होता. त्याच्यापुढे उभे होते लंडन-मँचेस्टरच्या गल्ल्यांतून आलेले तरुण. त्यांतल्या अनेकांनी भरतीपूर्वी बंदूक धरलेली नव्हती. शिकारीची कुरणे जमीनदारांची आणि लष्करी रायफलीची चांदमारी कित्येक शे यार्डांची. शहरातल्या गिरणीकामगाराने किंवा कारकुनाने सराव करायचा कुठे, आणि काडतुसांना पैसे आणायचे कुठून?

उत्तर होते ०.२२ इंची रिमफायर. नेहमीच्या लष्करी काडतुसात स्फोटक रंजक बुडाच्या मधोमध एका टोपीत असते. रिमफायरमध्ये ते बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असते आणि रायफलीचा टोचा त्या कडेवरच आदळतो. बनवायला सोपे म्हणून स्वस्त. अमेरिकेत १८५७ पासून ते प्रचारात होते आणि ‘लाँग रायफल’ हा त्याचा आजही चालणारा प्रकार १८८७ चा. दारू थोडी, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही. २५ यार्डांची खोली, टोकाला लोखंडी पत्रा आणि वाळू, एवढ्यात चांदमारी उभी राहते. १९०१ मध्ये लंडनला कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली. दोन वर्षांनी ती दुसऱ्या एका संस्थेत मिळून ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ झाली. रॉबर्ट्स पुढे तिचा अध्यक्ष आणि सर्वांत मोठा प्रचारक झाला. लष्करी वर्तुळात या बंदुकांना खेळणी म्हणून हिणवणारे कमी नव्हते. रॉबर्ट्सचे म्हणणे असे की नजर, श्वास आणि चापावरचे बोट यांची शिस्त छोट्या नळीवरही तीच असते.

मग खरा प्रश्न उभा राहिला : क्लबने रायफल घ्यायची कोणती? हा वाद तेव्हा मोठ्या चुरशीने खेळला गेला आणि आजच्या नेमबाजालाही तो परका वाटू नये.

पहिला मार्ग म्हणजे लष्करी ली-मेटफर्ड किंवा ली-एनफील्ड रायफलच बारीक नळी घालून वापरायची. वजन, दस्ता, बोल्टची चाल सगळे खऱ्या रायफलीचे. सैनिक घडवायचा तर याहून चांगले काही नाही. पण रायफल जड आणि महाग, आणि लष्करी चाप काही स्पर्धेतल्या चापासारखा हलका नव्हे. दुसरा मार्ग युद्धखात्याने सुचवलेल्या नमुन्याचा. बीएसए आणि लंडन स्मॉल आर्म्स या कारखान्यांनी १९०६ च्या सुमारास तो बाजारात आणला. ही एकेक काडतूस भरायची साधी बोल्ट-ॲक्शन ०.२२ रायफल कामगाराच्या क्लबला झेपावी अशा बेताने केलेली होती. हाताला बोल्टची सवय लावावी हाही हेतू होता. तिसरा मार्ग मार्टिनीचा. तिच्यात बोल्ट नाही. खालची तरफ ओढली की नळीमागचा ठोकळा खाली उतरतो, काडतूस सरकवायचे, तरफ वर घ्यायची.

क्लबांनी पैसे मोजले ते बहुतांशी मार्टिनीला. युद्धखात्याला सैनिक हवे होते, क्लबवाल्याला गुण हवे होते. मार्टिनीचा टोचा लहान आणि त्याची धाव आखूड, म्हणून चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत कमी वेळ जातो. तेवढ्या क्षणात हात हलायचा राहतो. स्वस्त बोल्टमध्ये टोचा लांब आणि जड, त्याची धावही मोठी. बोल्टच्या बाजूने एक व्यवहारी मुद्दा होता. त्या काळच्या रंजकाची राख नळीत ओल धरून गंज चढवत असे, म्हणून रोजची सफाई अटळ. बोल्ट बाहेर काढला की नळी मागून पुसता येते. पुढून गज घातला तर नळीचे तोंड झिजते आणि तोंड झिजले की नेमाची हमी संपते. मार्टिनीवाल्यांनीही ठोकळा सहज सुटावा अशा रचना केल्या आणि तो मुद्दाही निकालात काढला.

गंमत अशी की दूरच्या पल्ल्यात बोल्टच जिंकला. १९१९ मध्ये अमेरिकेत विंचेस्टरची मॉडेल ५२ आली, १९५० च्या दशकात जर्मनीत आन्शुत्झची मॅच ५४. एकसंध लाकडात घट्ट बसलेली जाड नळी, आखूड धावेचा टोचा आणि नेमबाजाला हवा तसा जुळवता येणारा चाप या तीन गोष्टींनी जुने उणे भरून निघाले. मार्टिनीचा दस्ता दोन तुकड्यांचा. पुढचा तुकडा नळीला टेकतो आणि ओलीकोरडीने त्याचा दाब बदलतो. आपल्याकडे एनसीसीच्या छावणीत पालथे पडून पहिली गोळी झाडणाऱ्या मुलांच्या हाती आलेली ०.२२ नंबर २ मार्क ४ मात्र रॉबर्ट्सच्या वेळच्या पहिल्या मार्गाची थेट वारस : ली-एनफील्डचाच सांगाडा, बारीक नळी.

१९०५ मध्ये साम्राज्य संरक्षण समिती सोडून रॉबर्ट्स सक्तीच्या लष्करी शिक्षणाच्या प्रचाराला लागला. त्यात त्याला यश आले नाही. रायफल क्लब मात्र वाढले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्मॉलबोअर रायफलीच्या स्पर्धा बिस्लेच्या मैदानावर झाल्या आणि त्यांची सुवर्णपदके ब्रिटिशांनी नेली. लंडनचा हमाल आणि पेढीवरचा कारकून सरावाने नेमबाज होऊ शकतो, हे रॉबर्ट्सने सिद्ध करून दाखवले. कोकणातला किंवा घाटावरचा शेतकरी तसा होऊ शकतो का, हे विचारावेसे त्याला वाटले नाही.

महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रान्समध्ये उतरलेल्या हिंदी सैनिकांना भेटायला ब्याऐंशी वर्षांचा रॉबर्ट्स नोव्हेंबरच्या थंडीत गेला. तिथे न्यूमोनिया होऊन १४ नोव्हेंबर १९१४ रोजी सेंट ओमर येथे त्याचे निधन झाले. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्याचे दफन झाले. त्याच आठवड्यात हजारो मैलांवर, शत अल-अरबच्या काठी पुणे डिव्हिजनच्या ११७व्या मराठा पलटणीने तुर्कांशी लढाई दिली. १७ नोव्हेंबरला साहिलच्या चिखलातून तुर्की खंदकांवर चाल झाली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. मेसोपोटेमियातील कामगिरीबद्दल ११७व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा बहुमान मिळाला. १९२२ मध्ये मराठा पलटणी एका छत्राखाली आल्या आणि त्यांचे प्रशिक्षण केंद्र बेळगावला वसले. दुसऱ्या महायुद्धात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या तिच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महार पलटण १९१७ मध्ये गरजेपोटी उभी करून चार वर्षांत मोडली गेली होती. ती पुन्हा उभी राहिली ऑक्टोबर १९४१ मध्ये, तीही बेळगावातच.

रॉबर्ट्सच्या सोसायटीने १९४७ मध्ये नाव बदलून नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन असे घेतले. मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील नेमबाजीसाठी बिस्लेला नवी बंदिस्त वास्तू उभारली गेली, तिचे नाव लॉर्ड रॉबर्ट्स सेंटर. संस्थेचे कार्यालय आज तिथेच आहे. त्या स्पर्धांत बिस्लेला मुंबईच्या अंजली भागवत यांनी चार सुवर्णपदके मिळवली. त्यांतली दोन ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारातली, म्हणजे ०.२२ रिमफायरची. या पल्ल्यावरच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो.