फ्रीझरमधला मका आणि वर्ध्याचे खानखोजे

 

गेल्या पावसाळ्यात आमच्या अंधेरीच्या हॉस्टेलमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, मेसच्या मावशींनी स्वीट कॉर्नच्या चार ओळी लावल्या होत्या. मक्याचा प्रॉब्लेम असा की तो सगळा एकदम तयार होतो. ऑगस्टअखेर एका आठवड्यात साठेक कणसं आली. उकडून खाल्ली, भाजून खाल्ली, तरी संपेनात. मग मी डोकं चालवलं आणि उरलेली अर्धी कणसं सोलून कच्चीच डीप फ्रीझरमध्ये टाकली. महिन्याभराने काढली तर दाणे पिठूळ आणि चव विचित्र!

मावशींनी कपाळाला हात लावला. कणीस तोडल्या क्षणापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. फ्रीझरमध्येसुद्धा आतले एन्झाइम पूर्ण थांबत नाहीत, फक्त मंदावतात. म्हणून तोडल्या दिवशीच कणसं चार-पाच मिनिटं उकळत्या पाण्यात घालायची, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, मग दाणे काढून, कोरडे करून, ताटात पसरून गोठवायचे. गोठल्यावर पिशवीत भरून हवा काढून टाकायची. उणे १८ अंशांना ते आठ-दहा महिने छान राहतात.

राहिलेल्या कणसांचे दाणे काढायला बसलो तेव्हा माझी रूम पार्टनर सहज बोलून गेली की मक्याच्या माहेरी, म्हणजे मेक्सिकोत, मका सुधारणारा एक प्रोफेसर तिच्या वर्ध्याचा होता. मला वाटलं, ही नेहमीसारखी गावाची बढाई मारतेय. पण शोधलं तर खरंच निघालं. त्यांचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजेंचा जन्म १८८० च्या दशकात वर्ध्याला झाला. पुढचं शिक्षण नागपूरला. ते शाळेत होते त्याच काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात भयंकर दुष्काळ पडले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी हा मुलगा पेटून उठला. इंग्रजांना हाकलायचं तर लष्करी शिक्षण हवं, आणि ते इथे कोण देणार? म्हणून तो विशीत देश सोडून निघाला. आधी जपान, मग अमेरिका. तिथे एकीकडे शेतीचं शिक्षण आणि दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत कवायत! पुढे त्यांनी वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून शेतीची पदवी घेतली. १९१३ च्या सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावरच्या भारतीय मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी गदर चळवळ उभी केली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत खानखोजे होते.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे ते इराणकडे गेले. वेष बदलून राहिले, इंग्रजांविरुद्ध लढले. पण तो उठाव फसला. युद्ध संपलं तेव्हा इंग्रजांच्या राज्यात परत येणं म्हणजे तुरुंग किंवा फाशी.

इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. आपल्याला एक के.टी. लागली तरी आयुष्य संपल्यासारखं वाटतं. या माणसाचं तर घर सुटलेलं, ज्यासाठी घर सोडलं ते काम फसलेलं, आणि वय चाळिशीकडे झुकलेलं. हातात उरली होती फक्त शेतीची पदवी.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि शेतकऱ्यांना जमिनी वाटल्या जात होत्या. पण नुसती जमीन मिळून पोट कसं भरणार? खानखोजे मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या मागे लागले. तो भाग सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, म्हणजे एकीकडे कोरड आणि दुसरीकडे हिमतुषार. त्यांनी मक्याचा तेओसिंते या त्याच्या रानटी भाऊबंदाशी संकर केला, दुष्काळात आणि थंडीत तग धरणारी वाणं शोधली. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. त्यांच्या मक्याचे फोटो तीना मोदोत्ती या नामवंत इटालियन फोटोग्राफरने काढले. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा मित्र. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराने काढलेलं एक चित्र आहे. त्यात टेबलाशी बसून एक माणूस गरिबांना भाकरी तोडून देतोय. तो माणूस म्हणजे आपले खानखोजे, असं मानतात!

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. मुलींची नावं बघा, मेक्सिकोत राहून! मध्य प्रांत सरकारच्या बोलावण्यावरून १९४९ मध्ये ते भारतात आले. नंतर ते नागपूरला स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ ला तिथेच वारले. थोरल्या मुलीने, सावित्री साहनी यांनी, त्यांचं चरित्र लिहिलंय. चापिंगोला २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडे मात्र माझ्यासारख्या कित्येकांना त्यांचं नावही माहीत नसतं.

मावशींकडून आणखी एक गोष्ट कळली. उकळून गोठवलेला दाणा गोड राहतो, पण तो रुजत नाही. बियाणं हवं तर कणीस झाडावरच वाळू द्यावं लागतं. असा दाणा चवीला काहीच नसतो, पण त्यात जीव असतो. वाटलं, इराणहून हरून निघालेल्या खानखोजेंकडे असंच काहीतरी शिल्लक असणार. नाहीतर परक्या देशात, परक्या भाषेत, चाळिशीत कोण पहिल्यापासून सुरुवात करतं?

चार ओळींतली दोन कणसं आम्ही झाडावर वाळवली. बी संकरित आहे, त्यामुळे पुढचं पीक असंच गोड येईल याची गॅरंटी नाही. रूम पार्टनरचं म्हणणं, काय येईल ते येऊ दे, त्यातलं चांगलं निवडायचं आणि परत पेरायचं. दाणे कागदाच्या पाकिटात घालून पुस्तकांच्या कप्प्यात ठेवलेत. जूनमध्ये पेरायचेत. कुणाला यायचं असेल तर मावशींकडे नाव द्या!